नमुना यादीतले नापास

कंपनीत पाचशे चाळीस माणसं होती आणि त्यांच्यातलं कोणीही कधी नापास झालेलं नव्हतं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या सरांनी झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत काम सुरू केलं, तेव्हा वर्गातले पहिले सहा जण घेतले. पुढे दर वर्षी निकाल लागला की यादी वरून वाचायची, एवढीच पद्धत पडली. आता सहा मजली इमारत होती, आणि एकतीस विद्यापीठांच्या परीक्षांची वेळापत्रकं तिथला प्रोग्राम लावत होता.

काकू सातव्या. त्या टायपिंगसाठी आल्या होत्या, म्हणून त्यांची गुणपत्रिका कोणी मागितली नाही. आता तपासणी त्यांच्याकडे होती. त्यांच्या सहीशिवाय नवी आवृत्ती बाहेर जात नसे.

या वेळची नवी आवृत्ती रिवाजाप्रमाणे आधी गावातल्याच विद्यापीठावर चालवली होती. परीक्षा सोमवारपासून होती. गुरुवारी संध्याकाळी काकूंच्या मुलाने आपलं हॉल तिकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पहिल्या वर्षाचं राहिलेलं गणित आणि तिसऱ्या वर्षाचा उरलेला एकच पेपर, दोन्ही सोमवारी दहा वाजता, दोन वेगळ्या इमारतींत.

ही त्याची शेवटची संधी होती. दोन्हीपैकी एक जरी बुडाला तरी जुना अभ्यासक्रम बंद होऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. तो म्हणाला, एक देतो, एक सोडतो. आणि ऑफिसात ब्र काढायचा नाही. त्याच्या शाळेतला मित्र तिथे तिसऱ्या मजल्यावर बसत होता, आणि सगळ्यांना तो दोन वर्षांपूर्वीच पास झाल्याचं माहीत होतं. तसं काकूंनीच सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी काकू या आवृत्तीच्या प्रमुखाकडे गेल्या. तो विद्यापीठात पहिला आला होता आणि ऑफिसात त्याला 'गोल्ड मेडल' म्हणत. आजकाल तपासणीसाठी खरी मुलं घेत नसत. गोल्ड मेडलने पन्नास हजार विद्यार्थ्यांची एक नमुना यादी बनवली होती, नावांसकट. काकूंनी ती पुन्हा उघडून पाहिली. पन्नास हजारांतला प्रत्येक जण पहिल्याचा दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात वेळेवर गेला होता. कुणाचा एकही विषय राहिला नव्हता, त्यामुळे दोन वर्षांचे पेपर एकाच वेळी आलेले तपासणीत दिसलेच नव्हते.

"यात नापास कुठे आहेत रे?" काकूंनी विचारलं.

"नापास?" तो हसला. "काकू, यादी मी केलीय. सुचलंच नाही मला. पण सही तुमचीच आहे की त्यावर."

ते खरं होतं. घरात नापास मुलगा असून काकूंच्या लक्षात आलं नव्हतं. ऑफिसात शिरताना त्याला दाराबाहेर ठेवायची सवय इतकी मुरली होती की सही करतानाही तो आठवला नाही.

त्यांनी परीक्षा विभागाला फोन केला. तिथला कारकून म्हणाला, एकही तक्रार नाही. मग म्हणाला, अशी मुलं तक्रार करायला येत नाहीत हो, आपलंच चुकलं असेल असं धरून चालतात.

कंपनीत गंभीर चूक मान्य व्हायची तर ती फळ्यावर लावावी लागे. पूर्वी विद्यापीठाने टाकून दिलेला खरा फळा होता, आता कँटीनमध्ये भिंतभर पडदा होता. नियम तोच. ज्या नोंदीत चूक सापडली ती पूर्ण दाखवायची, नाव, नंबर, गुण. सरांचं म्हणणं, चूक झाकली की तिला पिल्लं होतात.

काकू सरांच्या खोलीत गेल्या. नोंद कुणाची आहे हे सांगितल्यावर सरांनी चष्मा काढला. हा मुलगा जुन्या जागेत कागदांच्या खोक्यावर झोपायचा, हे त्यांना आठवत होतं. ते म्हणाले, कुलसचिवांना एक फोन करतो, त्याचा एक पेपर दुपारी घेतील, कुणाला कळायचं नाही. मात्र फळ्यावर काही लागलं नाही तर चूक मान्य झाली असं होणार नाही, आणि अशी बाकीची मुलं शोधता येणार नाहीत. चाचणी स्वच्छ झाली असं सोमवारी एकतीसही विद्यापीठांना कळवायचं ठरलं होतं, आणि मग हीच आवृत्ती सगळीकडे लागली असती.

"मग बाकीच्यांचं?"

"बाकीचे किती असतील, काकू? दहा-वीस."

काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. पाय दुखत होते, आणि बसलं तर उठवणार नाही असं वाटत होतं.

"बाकीच्यांच्या आया इथे कामाला नाहीत, सर," त्या म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत नोंद पडद्यावर आली. नाव, नंबर, गणितात अकरा, नंतर चौदा, नंतर एकोणीस. माणसं ताटं हातात धरून वाचत उभी राहिली. आडनाव ओळखीचं होतं, त्यामुळे हळूहळू एकेक जण काकूंकडे न बघता जेवायला बसला. तिसऱ्या मजल्यावरचा मित्र जेवला नाही. गोल्ड मेडल बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत राहिला, मग ताट ठेवून वर गेला. चार वाजता त्याने आकडा आणला. दोनशे चौदा मुलांचे पेपर असे एकमेकांवर आले होते. शनिवारभर बसून त्यांनी सगळ्यांचे पेपर वेगळे केले आणि एकतीस विद्यापीठांना, थांबा, असं कळवलं.

मुलाला शुक्रवारीच मित्राकडून कळलं होतं. तो भांडला नाही. नुसता बोलायचा बंद झाला. रविवारी ताट खोलीत नेऊन जेवला. सोमवारी काकू उठल्या तेव्हा घरात नव्हता. परीक्षेला गेला की आणखी कुठे, ते विचारायचं कुणाला? विद्यापीठाची हजेरी त्यांना ऑफिसातून बघता आली असती. त्यांनी दिवसभर ते पान उघडलं नाही.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. बोटांना शाई होती. माठातलं पाणी घेऊन उभ्यानेच प्यायला.

"गणित गुरुवारी आहे," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तोवर माझ्याशी बोलू नकोस."

काकूंनी मान हलवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.