चाळीस घरांची रापण

मी एक जुनी रापण आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरच्या एका खानावळीत मी भिंतीवर टांगलेली आहे. माझ्यात प्लास्टिकचे मासे अडकवलेत आणि निळे दिवे सोडलेत. मला त्याची लाज वाटते.

रापण म्हणजे लांबलचक जाळं. होडीतून मला समुद्रात अर्धगोल सोडत आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं किनाऱ्यावरून ओढत. वाडीतल्या चाळीस घरांनी आपापल्या पडवीत एकेक तुकडा विणला, ते तुकडे जोडून मी झाले. त्यात एक तुकडा परशुरामचा. तो तापाने गेला, पण त्याचा तुकडा माझ्यात राहिला. दोरीवरची त्याची जागा त्याच्या बायकोने, काशीबाईने घेतली. त्या दोरीवरच तिची चूल पेटत होती.

आमचा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, होता भिकाजी. पाण्याचा रंग बघून तो मासा ओळखायचा. वाटणी करताना तो दरवेळी तेच बोले, "दोरीक हात लावता, तेका वाटो." मग तो हात म्हाताऱ्याचा असो की पोराचा. भिकाजीचा पुतण्या दत्तप्रसाद पाच वर्षांचा असताना त्याने दोरीला नुसतं बोट लावलं होतं. भिकाजीने त्याच्या ओंजळीत दोन बांगडे ठेवले. पोर ते घेऊन नाचत घरी गेलं. केवढा अभिमान वाटला होता मला!

पुढे पाहुणे येऊ लागले. सुरुवातीला बरंच वाटलं. घरोघरी खोल्या निघाल्या, घावणे आणि माशाच्या कढीला गिऱ्हाईक मिळालं. गर्दी वाढली तेव्हा पुण्याला शिकून आलेला दत्तप्रसाद म्हणाला, किनाऱ्याचं नीट नियोजन करूया. मुलगा वाईट नव्हता. त्याने मोठा नकाशा काढला आणि देवळाच्या मंडपात सगळ्यांसमोर पसरला. तंबू इथे, पाण्यातल्या खेळांच्या होड्या इथे, गाड्या सुरूच्या बनात. जो तो आपली जागा बोटाने दाखवून पक्की करून घेत होता. माझ्या ओढीची जागा मात्र कुणीच दाखवली नाही. भिकाजीला वाटलं, सरपंच बोलतील. सरपंचांना वाटलं, तांडेल बोलेल. काशीबाई मागे बसली होती, तिला वाटलं, एवढे पुरुष आहेत की! दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी तर चाळीस घरांची होते.

महिन्याभरात माझ्या जागेवर तंबू उभे राहिले. मग दत्तप्रसादनेच तोड काढली. रोज संध्याकाळी पाच वाजता, तंबूंपुढच्या अरुंद पट्टीत, पाहुण्यांसाठी रापण. तिकीट काढून त्यांनी दोरी ओढायची. मासा काही घड्याळ बघून येत नाही, म्हणून बाजारातून आणलेले बांगडे आधीच माझ्या पोटात भरून ठेवू लागले. काशीबाईला सांगितलं, काकी, पाहुण्यांना जागा पुरत नाही, तू लांब बस.

एकदा एका लहान मुलीने विचारलं, "हे मासे हलत का नाहीत?" सगळे हसले. पाहुण्यांसोबत ओढणाऱ्या भिकाजीच्या हातातून दोरी सुटली.

"मेलेल्या माशांक वडूक माका जमाचा नाय," तो म्हणाला आणि घरी गेला. तो पुन्हा किनाऱ्यावर आला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो वारला. वाडी म्हणाली, वय झालं होतं. मला ते पटलं नाही.

मग ती सकाळ आली. नऊ वाजले असतील. काशीबाई धावत आली. किनाऱ्यालगतचं पाणी काळंभोर झालं होतं, वर पक्षी तुटून पडत होते. बांगड्यांचा एवढा थवा कित्येक वर्षांत आला नव्हता.

"आयलो रे मासो! रापण सोडा!" ती ओरडली.

पण खेळांच्या होड्या वाटेत नांगरलेल्या, त्यांचे मालक दुसऱ्या होड्यांतून पाहुणे घेऊन पाण्यात. दत्तप्रसादने घड्याळ बघितलं. "काकी, बुकिंग पाचाचा आसा. तेवाच वडूया."

"मासो पाचाक येतलो काय रे?"

तो पाहुण्यांकडे वळला. काशीबाईने एकटीने माझी दोरी उचलली, खांद्यावर घेतली आणि ओढली. मी वाळूत हातभरही सरकले नाही. पाणी हळूहळू निळं झालं. ती तिथेच बसून रडली. मासा पुन्हा तसा किनाऱ्याला लागला नाही. मेलेल्या माशांना पाहुणेही कंटाळले. पाचचा खेळ बंद झाला आणि मला या भिंतीवर चढवलं.

काशीबाई आता याच खानावळीत ताटं विसळते. परवा काम संपल्यावर ती माझ्यापाशी आली. प्लास्टिकचे मासे बाजूला सारून तिने परशुरामचा तुकडा शोधला. त्याच्या गाठी तिला बरोबर सापडल्या. तेवढ्यात गल्ल्यावरून दत्तप्रसादचा आवाज आला.

"काकी, हात लाव नको गो. जुनी झाली ती, तुटात."

तिने हात काढून घेतला.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणी नकाशा पसरेल. तेव्हा आपलं घर, आपलं दुकान दाखवायच्या आधी जे सगळ्यांचं आहे त्यावर बोट ठेवा. दुसरा कुणी ठेवील म्हणून थांबू नका. माझ्या वाडीत चाळीस घरं होती आणि चाळीसही थांबली.

काशीबाईने माझ्या दोरीला हात लावला होता. तिला वाटा द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.