घोड्यांविषयीच बोला

व्हर्निताने भावाला सभागृहाच्या दारातच अडवलं. "ओडेल, आत रोमेलचं नाव काढायचं नाही. तोंडात आलं तरी गिळायचं."

"माझ्या भाच्याचं नाव मी गिळू?"

"शपथ आहे तुला माझी. आपल्याला ते नाव मंडळाच्या तोंडून काढायचंय, तुझ्या नाही."

ओडेलने मान हलवली. सव्वीस वर्षं शहराची बस चालवतोय तो. लोक शिव्या घालतात, अंगावर कॉफी फेकतात, तरी स्टिअरिंगवरचा हात हलत नाही त्याचा. पण पोलिसांचा कारभार बघणाऱ्या पोलीस मंडळाच्या मागच्या तीन सभांमध्ये त्याचा तोल गेला होता. तिन्ही वेळा अध्यक्ष हॅल्व्हर्सनने हातोडी आपटली. "विषयाला धरून नाही. माईक बंद करा." नियमच होता तसा. माणशी दोन मिनिटं, आणि त्या दिवसाच्या विषयपत्रिकेवर असेल तेवढ्यावरच बोलायचं. रोमेल पत्रिकेवर कधीच नसायचा. पार्किंग असायचं. गणवेशाचं कापड असायचं.

रोमेल म्हणजे व्हर्निताचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा. टायरच्या दुकानातून काम संपवून घरी निघाला होता. पोलिसांना कुठलातरी चोर हवा होता, त्याचं जॅकेट निळं होतं. ह्याचंही निळं. चोर काळा, हाही काळा. झालं, पटली ओळख. पालथा पाडला आणि एक जण पाठीवर बसला. रोमेल हलायचा थांबला तरी तो उठला नाही. समोरच्या लॉन्ड्रीतल्या डोरेथाने काचेतून सगळं बघितलं.

रोमेल गेला त्याला येत्या शुक्रवारी दोन वर्षं होतील. पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात सगळं आहे, पण ते दाखवत नाहीत. पाठीवर कोण बसलं होतं तेही सांगत नाहीत. चौकशी चालू आहे म्हणे. वकीलबाईंनी सरळ सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत नाव आणा, मी त्याच्यावर दावा लावते. नंतर मुदत संपली, मग काही होणार नाही."

आज मंगळवार. आणि आजच्या सभेचा विषय, गस्तीसाठी चार नवे घोडे.

ती पत्रिका बघून ओडेलने रविवारी व्हर्निताच्या स्वयंपाकघरात खुर्ची लाथाडली होती. टेबलापाशी मिस अर्लीन बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, चर्चमध्ये पहिल्या रांगेची जागा त्यांची. त्यांनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाल्या, "खुर्ची उचल आधी. तिने काय केलंय तुझं? घोड्यांवर बोला म्हणतात ना? बोलू की."

मग त्यांनी पर्समधून पेपरची कात्रणं काढली. ब्रिगेडियर नावाचा पोलिसांचा घोडा गेल्या मार्चमध्ये बर्फावर घसरून मेला होता. आठवडाभर पेपरात दुसरं काही नव्हतं.

"हे तुम्ही जपून ठेवलंत?" व्हर्निताने विचारलं.

"राग आला की मी कापून ठेवते, बाळा. घरात तीन खोके आहेत."

चार वाजता सभा सुरू झाली. मागच्या सहा रांगा सगळ्या आपल्याच लोकांच्या. पहिलं नाव ट्युरेलचं. ओडेलचे केस तोच कापतो.

"मी घोड्यांविषयी बोलणार आहे," ट्युरेल म्हणाला. हॅल्व्हर्सनने समाधानाने मान हलवली. "ब्रिगेडियर पडला तेव्हा डॉक्टर सात मिनिटांत आला. पेपरात आहे. रस्त्यात पडलेल्या जिवाला आपल्या शहरात सात मिनिटांत डॉक्टर मिळतो, हे वाचून बरं वाटलं. नव्या घोड्यांनाही मिळावा. धन्यवाद."

रोमेलसाठी चौतीस मिनिटं लागली होती. ट्युरेल ते बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती.

मग डोरेथा. "घोडा पडला तसा स्वार बाजूला झाला. फोटो आहे. घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय. पडलेल्या जनावरावर बसून राहायचं नसतं, हे त्याला कोणीतरी शिकवलं असणार. ज्याने शिकवलं त्याने बाकीच्यांनाही शिकवावं."

"बाई—" हॅल्व्हर्सनने हातोडी उचलली.

"मी घोड्याविषयीच बोलतेय साहेब. तुम्ही कशाविषयी ऐकताय?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. हॅल्व्हर्सनचे कान लाल झाले.

मिस अर्लीन काठी टेकत माईकपाशी गेल्या, त्यातच त्यांचं अर्धं मिनिट गेलं. "ब्रिगेडियरचा अहवाल चार दिवसांत आला. स्वाराचं नाव, सोबतच्या दोघांची नावं, सगळं छापलं. त्या स्वाराला कोणी काही केलं नाही हो. लोकांनी त्याला केक नेऊन दिले. मग नाव सांगायला भ्यायचं कशाला?"

ओडेलची पाळी आली. त्याने खिशात मूठ आवळली होती. "एकच विचारायचंय. तो अहवाल कोणत्या नियमाने काढलात? वाचून दाखवा."

बाजूला बसून सभेचं टंकलेखन करणाऱ्या बाईंनी नियमांची जाड वही उघडली. "शहराच्या मालकीचं जनावर कामावर असताना दगावल्यास, हजर कर्मचाऱ्यांच्या नावांसह अहवाल तीस दिवसांत जाहीर करावा."

"आणि माणूस दगावल्यास?"

"विषयाला धरून नाही," हॅल्व्हर्सन म्हणाला.

ओडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव अगदी ओठावर आलं. त्याने ते गिळलं, गालाच्या आतलं मांस चावत गिळलं, आणि जागेवर येऊन बसला. तोंडात रक्ताची चव होती.

शेवटचं नाव व्हर्निताचं. ती माईकपाशी उभी राहिली. तिने तोंड उघडायच्या आतच मिसेस प्रेस्कॉट पुढे वाकल्या. मंडळावरच्या सगळ्यात प्रेमळ बाई त्या, दर नाताळला गरिबांना मोजे वाटतात.

"हे बघा, तुम्ही सगळे का आलात ते आम्हाला कळतं. आम्हीही आया आहोत. त्या पोलिसाचं नाव देणं आमच्या हातात नाही. पण दोन घोड्यांची नावं अजून ठरलेली नाहीत. एकाचं ठेवू या का, रोमेल? त्याची आठवण राहील."

दोन वर्षांत त्या टेबलावरून ते नाव पहिल्यांदा आलं. घोड्यासाठी.

ओडेल उठलाच होता. व्हर्निताने मागे न बघता हात आडवा केला.

"त्या घोड्यावर कोण बसणार?" तिने विचारलं.

"म्हणजे... आपले शिपाई."

"पोलीस."

"हो."

"माझ्या रोमेलच्या पाठीवर पोलीस एकदा बसलाय," व्हर्निता म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "पोरगा मेल्यावरही बसून होता. परत बसवायला निघालात? आणि मी हो म्हणू? बसला होता त्याचं नाव सांगा."

हातोडी आपटली. "विषयाला धरून नाही. माईक बंद. हे नोंदीतून काढा."

टंकलेखन करणाऱ्या बाईंची बोटं थांबली. त्या हॅल्व्हर्सनकडे वळल्या. "साहेब, मिसेस प्रेस्कॉटनी घोड्याच्या नावाचं विचारलं. ह्या बाईंनी घोड्याच्या नावाचं उत्तर दिलं. विषयाला धरून आहे. मी लिहिलंय."

हॅल्व्हर्सनने घाईघाईने सभासदांना हात वर करायला सांगितले, चार घोडे मंजूर केले आणि कागद गोळा करायला लागला. मिसेस प्रेस्कॉट रडत होत्या. त्यांना वाटलं होतं, आपण चांगलंच बोललो.

आता शपथ सुटली होती. नाव त्यांच्याच तोंडून निघालं होतं. ओडेल बाकांमधून बाहेर आला आणि सरळ टेबलाकडे चालू लागला. "नाव सांग. रोमेलच्या पाठीवर कोण बसलं होतं?" मागे सहा रांगा उभ्या राहिल्या. "नाव सांगा." डोरेथा, ट्युरेल, काठीवर मिस अर्लीन. "नाव सांगा."

दारावरचा पोलीस धावत आला. त्याने ओडेलच्या खांद्याकडे हात नेला.

ओडेल थांबला. मागे सरकला नाही. "अंगाला हात लावायच्या आधी तुझं नाव सांग," तो म्हणाला. "मोठ्याने. त्या बाईंना लिहून घ्यायचंय."

पोलिसाचा हात तसाच अर्ध्यावर राहिला. त्याने हॅल्व्हर्सनकडे बघितलं. हॅल्व्हर्सन कागद पिशवीत कोंबत होता.

बाईंनी नवा कागद लावला, बोटं कळांवर ठेवली आणि त्या पोलिसाकडे बघत थांबल्या.