काठावरचं माप

किंचाळणं मला चांगलं जमतं, बोलणं फारसं नाही. तरी आज बोलतेय, कारण सोमवारी मी भट्टीत जाणार आहे. मी एका मोटारीच्या पुढच्या उजव्या चाकातली ब्रेकची डिस्क. चालकानं पेडल दाबलं की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. थांबवल्याचं श्रेय चालक घेतो, झिजते मी.

माझा जन्म चाकणच्या एका फाउंड्रीतला. वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर झटकलं, लेथवर चढवून तासलं. मी बावीस मिलिमीटर जाड निघाले. अंगावर एक आकडा कोरला गेला: किमान जाडी वीस. म्हणजे दोन मिलिमीटर झिजायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच माझं आयुष्य. माणसांच्या अंगावर असा आकडा नसतो, म्हणून ती निकामी झाल्यावरही सल्ले देत बसतात.

ज्या गाडीला मला लावलं ती नंदकिशोरची. हा माणूस चाकणच्याच एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचा साहेब. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत खोट काढणं हा त्याचा धंदा, आणि खोट सापडली की तो खरोखर खूश होतो. गाडीतही त्याचं तेच. बायको चित्रा गाडी चालवत असली की हा शेजारून बोलत राही. गिअर उशिरा टाकलास. आरसा बघितला नाहीस. क्लच पूर्ण दाब. चित्रा पिंपरीला एका शाळेत शिकवते, रोज रावेतहून येते-जाते, आणि तिच्या पायाइतका हलका पाय मी दुसरा पाहिला नाही. चौक दिसला की दुरूनच वेग कमी करायची, मला नुसतं शिवून जायची. माझी झीज झाली ती नंदकिशोरच्या बुटाखाली. चाकणच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या ढुंगणाला चिकटून जायचं आणि शेवटच्या क्षणाला दाणकन ब्रेक. चालवणं कुणाचं चांगलं, हे त्या घरात मला कुणी विचारलं नाही.

झिजते म्हणजे कशी, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पॅड घासतात तो पट्टा पातळ होत जातो. पण बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाहीत. तिथला काठ जवळजवळ होता तसाच जाड राहतो, गंज त्याला थोडासा खातो तेवढंच. स्टीलच्या ताटाचा काठ कसा वर उचललेला असतो, तसा. माझं खरं माप त्या काठाच्या आत.

यंदा उन्हाळ्यात मी किंचाळायला लागले. चित्रानं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी गाडी काळेवाडीत भीमराजच्या गॅरेजवर नेली. भीमराज बीडकडचा. बोलणं कमी, हात स्वच्छ नसले तरी काम स्वच्छ. त्यानं चाक काढलं, माझ्यावर बोट फिरवलं, मग फडक्यात गुंडाळलेला, जाडी मोजायचा जुना मायक्रोमीटर काढला आणि काठाच्या आत, मधल्या पट्ट्यावर धरून तीन ठिकाणी माप घेतलं.

"ताई, अठरा पॉइंट सहा. डिस्क संपल्यात. दोनी बाजूंच्या जोडीनं बदला, पॅडबी बदला."

"पुढच्या आठवड्यात मला ताम्हिणी घाट उतरून माणगावला जायचंय," चित्रा म्हणाली. "वडिलांना आणायला. मुलगी असेल बरोबर. तोवर होईल ना?"

"दोन तासाचं काम हाय. पण आसंच घाटात नेऊ नका."

चित्रानं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "मी आल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस."

रविवारी सकाळी तो आला. हातात पेटी. पेटीत डिजिटल व्हर्निअर, त्यावर कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप अचूक असल्याची तपासणी झाल्याचं हिरवं स्टिकर. गॅरेजवर आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यामुळे साहेबाला रंग चढला. चाक काढायला लावून खाली बसला, व्हर्निअरचे दोन जबडे उघडले आणि मला बाहेरून धरलं. काठावर. आकडा उमटला: एकवीस पॉइंट चार. गंजासकट काठ मोजून तो उभा राहिला.

मी ओरडू शकले नाही. गाडी उभी असताना मला आवाज नसतो.

"भीमराज, तुझा तो मायक्रोमीटर कधी कॅलिब्रेट केला होतास?"

"साहेब, तुमी काठावर धरलंय. काठ झिजत नाई. आत धरा."

"बावीस वर्षं मी हेच करतोय. तुझं शिक्षण किती?"

"आठवी."

"मग मला माप घ्यायला शिकवू नकोस."

गिऱ्हाइकं हसली. भीमराजनं फडकं उचललं आणि हात पुसत बसला, आधीच पुसलेले. त्या क्षणी त्यानं पाना फेकून मारला असता तरी मला चाललं असतं. पण गॅरेजवाल्याला रविवारच्या गिऱ्हाइकांसमोर भांडता येत नाही, आणि हे साहेब लोकांना पक्कं ठाऊक असतं.

मग पॅडची निवड झाली. भीमराजनं तीन डबे समोर मांडले. पहिला गाडीच्या कंपनीचा. दुसरा साधा, मऊ पॅडचा. तिसऱ्यात काळे, कडक, लोखंडाचा कीस मिसळलेले पॅड. नंदकिशोरनं तिन्ही डब्यांतला एकेक पॅड नखानं खरवडून पाहिला, पाठीवरचे नंबर वाचले आणि तिसरा उचलला.

"हा टिकेल. हार्डनेस चांगला आहे."

"पातळ डिस्कवर कडक पॅड नको, साहेब. लय तापतंय ते."

"डिस्क पातळ नाही, हे आत्ताच दाखवलं ना तुला?"

तो चिक्कू नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. पैसे वाचवण्यासाठी त्यानं हे केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. त्याला बरोबर ठरायचं होतं, बाकी काही नाही.

चित्रा इतका वेळ गाडीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अहो, बदलूनच टाकूया ना डिस्क. घाटातून जायचंय. सुखदा असणार आहे."

"चित्रा, भीती वाटते म्हणून पार्ट बदलत नाहीत. माप बघून बदलतात."

ती गप्प बसली. गप्प बसायची तिची चौदा वर्षांची सवय. भीमराजनं कडक पॅड बसवले. नट आवळताना तो माझ्याशी, म्हणजे तसा स्वतःशीच, पुटपुटला, "सांभाळ बाई." मी काय सांभाळणार? लोखंड प्रार्थनेनं जाड होत नाही.

ठरल्याप्रमाणे नंदकिशोरही बरोबर जाणार होता, पण कंपनीत ऑडिट निघालं. चित्रा आणि सुखदा दोघीच निघाल्या. सुखदा सहावीतली. पुढच्या सीटवर बसून आजोबांना दाखवायच्या चित्रांची वही तिनं मांडीवर घेतली होती. पौडच्या पुढे गेल्यावर आईनं तिला दोनदा पट्टा नीट लावायला सांगितलं.

घाटाचा विळे गावाकडचा उतार सुरू झाला तसं चित्रानं दुसरा गिअर टाकला. हे मी छातीठोकपणे सांगते. इंजिनानं गाडी धरून ठेवली की माझ्यावरचा भार उतरतो, तो मला कळतो. तिनं सगळं नीट केलं. वळणाआधी ब्रेक, वळणात मोकळी, पुन्हा ब्रेक. पण उतार संपेना. कडक पॅड मला घासत होते आणि मी पातळ. पातळ लोखंडाला उष्णता साठवायला जागा नसते. मी तापले, मग निळी पडले, मग अंगावर बारीक चिरा गेल्या. माझी आग पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलला लागली आणि ते उकळायला लागलं. उकळत्या तेलात बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलं की चेपतात ते बुडबुडे. पॅड जागचे हलत नाहीत.

चित्राचा पाय खाली गेला तो तळापर्यंत. तिनं उचलून पुन्हा दाबला. पुन्हा दाबला. "आई, हळू," सुखदा म्हणाली. चित्रानं हँडब्रेक ओढला, त्याला काय दम असतो. पुढे वळण होतं. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगर. आणि डावीकडे सुखदा बसली होती.

एका श्वासात तिला ठरवावं लागलं. तिनं दुसऱ्यातून पहिला गिअर टाकायला दांडा हलवला, तो मधे न्यूट्रलला असतानाच स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी डोंगराला घातली. दरीत गेलो नाही. दोघी जगल्या. सुखदानं भीतीनं उजवा हात डॅशबोर्डवर टेकवला होता. डॅशबोर्ड आत आला तेव्हा तो हात तिथंच होता.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तिचा उजवा पंजा काढला. हे मला भीमराजच्या तोंडून कळलं, कारण मोडलेली गाडी उचलून त्याच्याच दारात आणून टाकली होती. तो हे कुणाला तरी सांगत होता आणि मधेच उठून आत गेला.

चार दिवसांनी नंदकिशोर आला. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. रडलाही असावा. त्यानं मोबाइलवर गाडीचे फोटो काढले: टायर, बंपर, पेडल. गिअरचा दांडा न्यूट्रलला अडकलेला दिसला तिथं तो थांबला. त्याचे चार फोटो काढले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. त्याला खोट सापडली होती.

"डिस्क काढून दे," तो म्हणाला.

भीमराजनं मला काढून त्याच्या हातात दिलं. मी निळी, चिरलेली. "साहेब, आता तरी आत माप घ्या," एवढंच तो म्हणाला, आणि या वेळी खाली बघून नाही.

मला पिशवीत घालून तो चाकणला घेऊन गेला. दुपारची जेवणाची सुट्टी होती, क्वालिटीच्या खोलीत तो एकटा. कंपनीत काही बिघडलं की एक कागद भरतात. का झालं, ते का झालं, ते का झालं, असं पाच वेळा विचारायचं आणि शेवटी मूळ कारण लिहायचं. शेवटच्या ओळीत साधारण एकच गोष्ट येते: मशीनवरच्या माणसाचं दुर्लक्ष. साहेबाचं नाव त्या ओळीत आलेलं कुणी पाहिलेलं नाही. नंदकिशोरचा कागद भरून तयार होता. चित्राचे वडील सोपानराव लेकीकडे येऊन राहिले होते आणि हे कसं झालं असं सारखं विचारत होते, त्यांना दाखवायला. मूळ कारण: घाटात गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली. चालकाची चूक.

मग त्यानं टोकदार मायक्रोमीटर घेतला. मला गार दगडी टेबलावर ठेवलं आणि काठाच्या आत माप घेतलं. एका जागी. थांबला. दुसऱ्या जागी. मग पद्धतशीर सहा जागी, कारण हात सवयीचे गुलाम. अठरा पॉइंट चार. अठरा पॉइंट पाच. अठरा पॉइंट चार. माझ्या अंगावरचा वीसचा आकडा त्याच्या नाकासमोर होता. तो खुर्चीत बसला. मला वाटलं, आता हा माणूस होईल.

फोन वाजला. चित्राचा. मायक्रोमीटर अजून हातातच होता म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"अहो, आज सुखदानं विचारलं," चित्रानं सुरुवात केली. "म्हणाली, आई, तू ब्रेक का नाही दाबलास? मी दाबला होता हो. मला वाटतं मी दाबला होता. आता काही आठवतच नाही. तुम्ही बघणार होता ना, डिस्क?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता.

"बघितली. कंपनीत आणून तपासली. डिस्क ठीक होती."

त्यानं भरलेला कागद समोर ओढला.

"गाडी न्यूट्रलला होती, चित्रा. माझ्याकडे फोटो आहेत. मी तुला दोष देत नाहीये, पण पोरीला खोटं सांगू नये आपण. तिला खरं काय ते सांग."

"हो," ती म्हणाली. "माझंच चुकलं. सांगते तिला."

फोन ठेवल्यावर त्यानं मापं लिहिलेली चिठ्ठी फाडली. भरलेला कागद नीट घडी करून खिशात घातला. मला उचलून वर्कशॉपच्या मागच्या भंगाराच्या पेटीत टाकलं आणि वॉचमनला सांगितलं, "सॅम्पल होतं, सोमवारच्या गाडीत जाऊ दे." मग हात धुतले. साबण लावून, दोनदा.

तेव्हापासून इथं पडून आहे. वरून लोखंडाचा चुरा पडतो, पापण्या असत्या तर मिटल्या असत्या. मरायचं मला दुःख नाही; वितळले की पुन्हा काहीतरी होईन. पण वितळलेलं लोखंड काही सांगू शकत नाही, आणि भीमराजवर कोण विश्वास ठेवणार, आठवी शिकलेल्या माणसावर?

म्हणून तुम्हाला गाठलंय. मला तुमची दया नको, मला वाचवूही नका. रावेतला जा. शाळेतल्या चित्राबाई कुठं राहतात ते कुणीही सांगेल. त्या नोकरीवर जात नाहीत आता, लेकीला डाव्या हातानं लिहायला शिकवत बसतात, असं वॉचमन कुणाला तरी सांगत होता. दोघींना समोर बसवा, सुखदालाही, आणि सांगा की आईनं ब्रेक दाबला होता. तळापर्यंत दाबला होता, शेवटपर्यंत. मीच धरलं नाही.