चाकातली बाधा

कळंब्याच्या पुढच्या माळावर रविवारी ही गर्दी! चिखलाचा चढ, खाली जुन्या जीपगाड्यांची रांग, आणि मधोमध छातीला माइक लावलेले चक्रनाथ महाराज. जीप चढावर अर्ध्यात घसरून माघारी आली की महाराज तिच्या चाकांवर पिवळं कापड टाकत, आत हळदीचा हात घालून पुटपुटत, आणि कापडाखालून 'फुस्स' असा आवाज येई.

"ऐकलासा का? बाधा सुटली!" लाउडस्पीकर गरजायचा. "इंजनाला काय कळतंय? चाकाला कळतंय! चढीव आता!"

आणि जीप खरंच चढायची. लोक टाळ्या पिटायचे, बायका टायरला कुंकू लावायच्या.

मी विजयमाला. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ अनेकांत याच रांगेत उभा होता. महाराजांनी चाकं मंत्रून दिली आणि बजावलं, "पुनवंपतोर चाकाला परकं वारं लागू द्यायचं न्हाय." म्हणजे हवा भरायची नाही. त्यानं ते इमानेइतबारे पाळलं. चंदगडच्या डांबरी रस्त्यावर, भरधाव वेगात, वळणावर पुढचा टायर रिमवरून निसटला. जीप उलटली. अनेकांतचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

यावर महाराज काय म्हणाले? "पोराच्या मनात शंका हुती. शंकेनं चाक खाल्लं."

पायाचं दुःख आम्ही गिळलं असतं हो. पण अनेकांत हे खरं धरून बसला. जेवायला वाढलं की ताट सरकवायचा. "आक्का, माझ्या मनात खरंच शंका आल्ती गं. माझंच पाप हाय." ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. या माणसाला सोडायचं नाही, एवढं मी ठरवलं.

गॅरेजमागं पडलेली ती चेपलेली जीप जाऊन पाहिली. उरलेली तिन्ही चाकंही निम्मी बसलेली. हवा भरायच्या तोंडाशी हळद. पुढच्या चाकांच्या मध्यावर एकेक गोल खटका असतो, त्याच्या खाचेतही हळद! आता आपल्याकडची तऱ्हा बघा. जुनी जीप घेतली की पहिल्यांदा ती रंगवायला टाकायची, रिमासकट चकाचक. त्या खटक्यावरची 'लॉक' आणि 'फ्री' ही अक्षरं पेंटरनं रंगाखाली बुजवलेली असतात, आणि तो फिरतो हे मालकाच्या गावीही नसतं. आत बसून फोर-व्हीलचा दांडा कितीही ओढा, खटका फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांपर्यंत इंजिनची ताकद पोचत नाही. कापडाखाली तो भामटा खटका फिरवायचा आणि टायरची हवा सोडायचा. मऊ टायर पसरतो, चिखल जास्त धरतो. चढ चढायला झकास! पण तसल्याच टायरवर डांबरी रस्त्यानं सुसाट गेलं की टायर तापतो आणि वळणावर रिम सोडतो. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी अनेकांतला कुबड्यांसकट घेऊन गेले. जीप त्याच्या मित्राची, राजवीरची. घसरली, कापड पडलं, फुस्स झालं, चढली. जयजयकार! जीप परत खाली आल्यावर मी पुढं होऊन, दातओठ खात, त्याच्या पाया पडले.

"महाराज, बसा पुढं. ह्याच चाकांवर तुम्हाला चंदगडच्या रस्त्यानं फिरवून आणते. सत्तरच्या वेगानं!"

लोक खूश. "बसा की महाराज, लाजताय काय!" धरून त्याला सीटवर चढवलाच. मी स्टिअरिंगवर बसले, राजवीर पलीकडं दाराशी आडवा. इंजिन रेस केलं.

"बाई, थांबा. आधी हवा भरून घ्या," तो हळूच म्हणाला. पण छातीवरचा माइक चालू होता. साऱ्या माळानं ऐकलं.

"परकं वारं? पुनवंच्या आत?" मी गिअर टाकला. जीप हातभर हलली.

"अवं टायर निघंल की! वळणावर गाडी पलटी हुईल! मारताय व्हय मला?"

लाउडस्पीकर कर्कश किंचाळला.

मी इंजिन बंद केलं. "माझ्या भावाचं चाक शंकेनं खाल्लं. तुझं कशानं खाल्लं असतं रे?"

मी उतरले, सगळ्यांदेखत खटका फिरवून दाखवला, टायरची हवा थोडी सोडली. फुस्स! "ही तुमची बाधा."

"आयला, हवा सोडत हुता व्हय ह्यो!" कुणीतरी ओरडलं. लोक बाह्या सरसावून धावले. मी आडवी आले. दया म्हणून नाही. मारून सोडून दिलेला मला नको होता, कोठडीत हवा होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली मी तक्रार दिली. पोलिसांनी गाडीत कोंबला तेव्हा त्यानं माझ्यापुढं हात जोडले. मला गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

अनेकांत कुबड्या टेकत जवळ आला. "आक्का, मग तवा माझ्या मनात आल्ती ती शंका..."

"बरोबर होती. चाकं बसलेली तुला दिसत होती ना?"

"दिसत हुती की. पण इचारायचं धाडस झालं न्हाय." आणि तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला.

मंडळी, शंका हे पाप नव्हे. ती आपल्या जिवाची राखण करते. चाक बसलेलं डोळ्यांना दिसतंय आणि समोरचा पुनव सांगतोय, तर आधी हवा भरा आणि त्याला तोंडावर विचारा. पाय जायच्या आधी विचारा.