नट घट्ट आहे

मेकॅनिकने लिफ्टच्या ब्रेकच्या नटावर लाल रंगाची रेघ ओढली, पाना पेटीत टाकला आणि जिन्यात बसून वही उघडली. लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरवलं होतं त्याने. आपलीच भीती आपल्याच अक्षरात वाचायची म्हणजे लाज वाटते. पण लिहिलं: ‘नट सैल राहिला. लिफ्ट पडणार.’ त्याच्या बाजूच्या रकान्यात, समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं तसं, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच: ‘घट्ट केला. रेघ मीच ओढली. लिफ्ट दोनदा चालवून पाहिली.’

रेघ म्हणजे नट घट्ट झाल्याची खूण; ती ओढली की नटाला परत हात लावायचा नाही, ही या कामातली पद्धत. त्याने मात्र गेल्या वर्षी एकच नट इतक्यांदा उघडला, आवळला, की आटेच झिजले. खात्री करता करता चांगला नट त्यानेच बाद केला. मग तीन महिने घरी. आज पहिल्यांदा एकटा कामावर. आता पुन्हा वर नटापाशी गेलो तर पुन्हा घरीच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

छाती धडधडत होती. पण ती पळल्यावरही अशीच धडधडते आणि मग आपोआप शांत होते, हे त्याला अलीकडेच कळलं होतं. लंबूमुळे.

लंबू शाळेपासूनचा मित्र. तेव्हा दोघांत मिळून पळायच्या बुटांचा एकच जोड. लंबू आधी पळायचा, धापा टाकत बूट काढून द्यायचा. ते गरम, ओलसर, एक नंबर मोठे. पुढे कागद कोंबून हा पळायचा आणि हरायचा. घरी जाताना दोघं बरगड्या दुखेपर्यंत हसायचे. दीड महिन्यापूर्वी तोच लंबू सकाळी सहाला दारात उभा राहिला.

“ऊठ, म्हातारबा. पळायचंय.”

“पाय चालत नाहीत रे.”

“मग डोक्यावर चाल. पण बाहेर ये.”

तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता.

मेकॅनिक उठला. वर नाही गेला, खाली उतरला आणि तडक लंबूचं घर गाठलं, सांगायला.

दार लंबूच्या आईने उघडलं.

“आत पडलाय. तुझ्याबरोबर पळायला जाऊन येतो, की परत पांघरुणात. पाच महिने कामावर नाही. बोलला नाही तुला?”

“नाही, काकू.”

“तुझ्यासाठी म्हणून तेवढा उठतो बघ.”

खोलीत भरदुपारी पडदे ओढलेले. लंबू भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“काय रे, गेलास परत वर?”

“नाही गेलो.”

“शाब्बास.”

मेकॅनिक पलंगाच्या कडेवर टेकला. रोज सोबत पळत होतो आणि एकदाही विचारलं नाही, तू कसा आहेस म्हणून. बराच वेळ तो पेटीची कडी उघडझाप करत राहिला.

“मला का नाही सांगितलंस?”

“म्हटलं, तुझं आधी होऊ दे. दोघंही आडवे झालो तर उठवणार कोण?”

“गुरुवारी बाईंकडे चल माझ्याबरोबर.”

लंबूने पांघरूण कानावर ओढलं.

“आणि उद्यापासून तू नाही यायचं. मी येतो. सहाला.”

“आणि मी नाही उठलो तर?”

“तर दाराशी बसून राहीन. तू बाहेर येईपर्यंत. शब्द देतो.”