दारावरची खोटी घंटा

मी एक जुना पोपट आहे. जुना हा शब्द माणसं कपाटाला, खुर्चीला लावतात हे मला ठाऊक आहे. पण सव्वीस वर्षं एकाच खिडकीशी काढलेल्या पक्ष्याला तो शोभतो. माझा रंग राखाडी, शेपूट तेवढी लाल आणि उजव्या पायाचं एक नख मोडकं. मित्रांनो, मी आज तुम्हाला माझे पराक्रम सांगणार नाही. एका कुत्र्याच्या पिल्लाचा मी इतका हेवा केला की माझ्याच माणसाचं घर मोडायची वेळ आली, ती गोष्ट सांगणार आहे.

पक्षी विकणाऱ्याच्या दुकानातून मला एका भाडेकरूने आणलं. वर्षभरात त्याची बदली झाली. जाताना त्याने माझा पिंजरा वरच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशीकडे ठेवला आणि म्हणाला, आठवड्याभरात येऊन नेतो. तो आठवडा अजून संपलेला नाही.

मावशी तशी एकाच माणसाची सख्खी मावशी, बस चालवणाऱ्या तिच्या भाच्याची. पण सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्या शेजारी माझा पिंजरा, भिंतीला टेकून आरसा आणि खुंट्यांवर लोकांचे कोट. बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, अस्तर घालणं हे तिचं काम. तोंडात टाचण्या नसल्या की ती माझ्याशी बोलत बसे. मी मशीनची घरघर शिकलो, कात्रीची कचकच शिकलो, किटलीची शिट्टी शिकलो आणि दारावरच्या घंटेचं 'टिंग-टाँग'सुद्धा शिकलो. गिऱ्हाईक आत आलं की मी म्हणे, "या, बसा. माप घ्यायचंय?" लोक पोट धरून हसत. काहीजण तर एवढ्यासाठीच तुटलेली एखादी गुंडी घेऊन येत. मावशी मला 'राजे' म्हणायची, आणि खरं सांगतो, त्या खोलीत मी राजाच होतो.

मग तिचे कान गेले. ते एकदम गेले नाहीत. आधी ती "काय म्हणालास?" असं विचारू लागली. मग मी बोलताना माझ्या चोचीकडे पाहू लागली, पण चोचीवरून कुणाला काय कळणार? एका सकाळी ती माझ्याकडे पाठ करून सुईत दोरा ओवत होती. मी तिला "मावशी" अशी अकरा वेळा हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. ती रागावली आहे असं मला वाटलं. ती रागावलेली नव्हती. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता.

कानात यंत्र बसवून झालं. त्यातून तिला नुसता कालवा ऐकू येई, म्हणून ते खणात गेलं. समोर बसून सावकाश बोललं की ओठांवरून तिला कळायचं. पण बंद दाराला ओठ नसतात. गिऱ्हाइकं घंटा वाजवून परत जाऊ लागली. एकदा किटली कोरडी पडून काळी झाली. तेव्हा भाचा तिच्यासमोर बसला आणि आता तू आमच्याकडेच राहायला ये, म्हणाला. मावशीने मान हलवली. माझं मशीन, माझी खिडकी आणि माझं गिऱ्हाईक मी सोडणार नाही, असं तिने ठामपणे सांगितलं. कानाच्या डॉक्टरांनी मग वेगळी वाट सुचवली. बहिऱ्या माणसांना आवाजाची वर्दी द्यायला कुत्री शिकवणारी एक संस्था होती. महिनाभर पिल्लू घरी ठेवायचं, जमलं तर ते कायमचं राहील, नाहीतर परत जाईल. भाच्याने अट घातली की नाही जमलं, तर मावशीने हट्ट सोडायचा. मावशी कबूल झाली.

अशी आमच्या घरी गुंडी आली. आठ महिन्यांची, तपकिरी, आणि नाक काळ्या गोल गुंडीसारखं, म्हणून मावशीने तिचं नाव तेच ठेवलं. तिला शिकवायला संस्थेच्या एक बाई येत. उंच, चष्मा लावणाऱ्या, खिसे फुगलेला अंगरखा घालणाऱ्या. त्या खिशांत उकडलेल्या अंड्याचे कण असत, आणि हातात अंगठ्याएवढी एक डबी, दाबली की 'टिक्' वाजणारी.

बाईंची शिकवण्याची पद्धत मी पिंजऱ्यातून रोज पाहत होतो. त्या कधी ओरडल्या नाहीत, कधी पट्टा ओढला नाही. घंटा वाजली आणि गुंडीने नुसते कान टवकारले तरी टिक् आणि अंड्याचा कण. दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे दोन पावलं गेली, टिक् आणि कण. मग मावशीच्या तळव्याला नाक लावलं, मग तिला दारापर्यंत घेऊन गेली. दर वेळी टिक्, दर वेळी कण आणि मावशीचा हात डोक्यावरून. चुकली तर बाई काहीच बोलत नसत. क्षणभर थांबत आणि कालच्या सोप्या पायरीपासून पुन्हा सुरू करत.

मित्रांनो, माझा जळफळाट झाला. कान गेल्यापासून चार वर्षं मी ज्या मावशीला हाका मारत होतो, ती या पिल्लाच्या ओल्या नाकाने एका क्षणात वळत होती. मावशी आता दुपारी माझ्याशेजारी न बसता जमिनीवर बसे आणि गुंडीचे पाय मांडीवर घेऊन हसे. माझ्या वाटीतलं पाणी एकदा दोन दिवस बदललं गेलं नाही. आयुष्यभर मी या घरात बोललो, पण माझ्या एकाही शब्दावर कुणी 'टिक्' केलं नव्हतं.

एका दुपारी बाई गेल्या. मावशी एका कोटाला काज करत होती. मी गळा फुगवला आणि म्हणालो, "टिंग-टाँग."

गुंडी उठली. धावत मावशीकडे गेली, तळव्याला नाक लावलं, तिला दाराशी नेलं. मावशीने केस सारखे केले आणि हसत दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. तिने जिन्यातून खाली वाकून पाहिलं. मग दार लावून परत आली. खऱ्या आवाजालाच कण द्यायचा, असं बाईंनी सांगितलं होतं, म्हणून गुंडीला काही मिळालं नाही. ती वर पाहत शेपूट हलवत राहिली.

मला फार बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा तेच केलं. मग रोज आठ-दहा वेळा. बाई किंवा भाचा घरात असले की मी चोच मिटून बसे, कारण त्यांना ऐकू येत होतं. मावशीला येत नव्हतं. तिच्या बहिरेपणाचा मी फायदा घेतला. आजही ही गोष्ट सांगताना माझी मान खाली जाते.

मावशीने वहीत लिहून ठेवलं, आज सात वेळा चुकली, आज नऊ वेळा. बाईंना कोडं पडलं, कारण त्यांच्यासमोर गुंडी कधीच चुकत नव्हती. घंटा आपोआप वाजते की काय म्हणून वायरमनला बोलावलं. तो तासभर शिडीवर उभा राहिला, बटण खोलून पुन्हा लावलं आणि घंटा ठणठणीत आहे असं सांगून चहा पिऊन गेला.

मग एका रविवारी भाचा आला असताना गुंडीने दारावरच्या खऱ्या घंटेकडे लक्षच दिलं नाही. रोज धावायचं आणि रोज हात हलवत परत यायचं, याला ती कंटाळली होती. ती उठते का हे पाहत भाचा बसून राहिला, तोवर कोट घ्यायला आलेला गृहस्थ जिना उतरून निघूनही गेला. भाचा मनाने वाईट नाही, पण मावशीच्या काळजीने तो जेरीस आला होता. त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि गुंडीच्या पाठीवर दोनदा हाणली. ती मशीनखाली शिरली. तिच्या अंगाखाली ओल पसरली आणि ती तशीच थरथरत राहिली.

हेच मला हवं होतं ना? मी स्वतःला विचारलं.

त्याच वेळी बाई आत आल्या. त्यांनी भाच्याच्या हातातली गुंडाळी काढून घेतली, आवाज न चढवता.

"मार खाऊन ती काय शिकेल सांगू?" त्या म्हणाल्या. "घंटा वाजली की लपायचं. उद्या तुमची मावशी दाराशी कशी जाईल?"

"मग काय ओवाळू तिला?" भाचा म्हणाला. "महिना संपत आला, बाई. मावशीला मी नेणार. आणि हा पोपट येणार नाही आमच्याकडे. बायकोला पिसांनी दम लागतो. त्याला कुणालातरी देऊन टाकू."

मावशी दोघांचे ओठ वाचत होती. शेवटचं वाक्य तिला पुरतं कळलं असावं. ती उठली आणि माझ्या पिंजऱ्याला पाठ टेकवून उभी राहिली.

त्या दिवसापासून मी खोटी घंटा बंद केली. थोडी भीतीने केली आणि थोडी लाजेने. पण झालेलं नुकसान माझ्या गप्प बसण्याने भरून निघेना. खरी घंटा वाजली की गुंडी डोकं उचलून आधी माझ्याकडे पाही आणि पुन्हा पंजांवर डोकं ठेवी. महिना संपायला चार दिवस उरले. दाराबाहेर कुणीतरी घंटा दाबून दाबून थकत होतं, मावशी पाठमोरी इस्त्री करत होती आणि गुंडी हलत नव्हती. मला राहवलं नाही. ती उठावी म्हणून मीही जीव तोडून ओरडू लागलो, "टिंग-टाँग, टिंग-टाँग."

मावशी इस्त्री ठेवायला वळली आणि तिने माझा गळा पाहिला. तो फुगत होता, बसत होता. सव्वीस वर्षं तिने मला पाहिलं होतं. माझा गळा कधी कशासाठी हलतो हे तिला ऐकू न येताही कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, गुंडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच स्टुलावर बसली.

"तूच होय रे?" ती म्हणाली. "राजे, तू करत होतास?"

आता मला देऊन टाकतील, असं मी धरून चाललो. तिने पिंजऱ्यावर फडकंसुद्धा टाकलं नाही. तिने स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाली, "मीच तुझ्याशी बोलायचं सोडलं. मला वाटलं, ऐकू येत नाही तर बोलून काय करायचं."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, बाई तरी रागावतील. त्या आधी खूप हसल्या, वायरमनची आठवण काढून. मग चष्मा पुसून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मावशीला ओठ दिसतील अशा सावकाश म्हणाल्या, "हा वाईट नाही. याला कुणीतरी हाकेला ओ द्यायला हवंय. तेही शिकवता येतं."

संस्थेकडून त्यांनी आणखी एक महिना मागून घेतला. भाच्याने कुरकुर केली, पण ज्याला तो पिल्लाचा दोष समजत होता तो पोपटाचा निघाल्यावर त्याचं तोंड जरा उतरलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो अंडी उकडून घेऊन आला आणि स्वतः जमिनीवर बसला. गुंडीला त्याच्या हातातून कण घ्यायला तीन दिवस लागले. त्याने तळवा उघडा धरून वाट पाहिली. घाई केली नाही.

दाराला वेगळ्या आवाजाची नवी घंटा बसली. गुंडीची शिकवणी पहिल्या पायरीपासून सुरू झाली आणि माझीही. नवी घंटा वाजताना मी गप्प राहिलो की टिक् आणि अक्रोडाचा तुकडा. पहिला टिक् ऐकला तेव्हा मी अक्रोड खायचंच विसरलो. मग बाईंनी गुंडीला आणखी एक आवाज शिकवला. मी "मावशी" म्हटलं की उठायचं, तिच्या तळव्याला नाक लावायचं आणि तिला माझ्या पिंजऱ्यापाशी आणायचं. मी दिवसभर हाका मारत सुटेन अशी भाच्याला भीती होती. बाई म्हणाल्या, पहिले काही दिवस मारेल, मग ओ मिळते असा भरवसा बसला की थांबेल. तसंच झालं.

आता मावशी तिच्याच घरात आहे. खुंट्यांवर पुन्हा कोट आहेत. दुपारी मी एकदा हाक मारतो. गुंडी उठते, आळस देते आणि मावशीला घेऊन येते. मावशी दोन गजांमधून बोट घालून माझ्या छातीवर ठेवते. मी बोलतो आणि ते तिच्या बोटाला कळतं. नेमके शब्द कळत नाहीत, पण मी बोलतोय हे कळतं. ती म्हणते, "हं, बोला राजे."

मित्रांनो, माझा हेवा संपला असं म्हणालो तर ते खोटं होईल. मी मारलेल्या हाकेचा कण गुंडीलाही मिळतो, आणि तो माझ्या अक्रोडापेक्षा मोठा असतो. मी तो रोज डोळ्यांनी मोजतो. पण वर्तमानपत्राचा कागद फडफडला की ती अजून मशीनखाली जाते. तेव्हा मी तिच्याशी मशीनच्या आवाजात हळू घरघर करतो, आणि ती बाहेर येते.

तुमच्या घरी पिल्लू आलं तर त्याच्यावर हात उगारू नका. त्याने बरोबर केलेलं लगेच ओळखा, त्याला तसं कळू द्या आणि चुकलं तर एक पायरी मागे या. आणि घरात आधीपासून कुणी असेल, पंखांचं, चार पायांचं किंवा दोन पायांचं, तर त्या गडबडीत त्याच्याकडेही एकदा वळून बघा. त्याने हाक मारली असेल, आणि तुम्हाला तर ऐकू येतं.