केरबाचं व्हय

आकारामला खंडोबाच्या देवळापुढच्या लिंबाला सकाळपासून बांधून घातलं होतं. आप्पासाहेबांची माणसं काठ्या घेऊन भोवती उभी होती. इस्लामपूरहून फौजदाराची जीप यायच्या आत चार टोले हाणून घ्यावेत म्हणून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. त्रेसष्ट सालचा माघ महिना. ऊसतोड तोंडावर आलेली, आणि काल भर दुपारी आप्पासाहेबांचा नदीकाठचा उसाचा फड जळून राख झाला होता. याच आकारामनं परवा पाटाच्या पाण्यावरून आप्पासाहेबांशी भांडताना सगळ्या गावादेखत दम भरला होता, "तुझा फड पेटवून दावतो!" मग गावाला आणखी पुरावा कशाला पाहिजे?

गर्दीच्या कडेला केरबा उभा होता. त्या फडाचा राखणदार तोच. गावाबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीतला. सांगलीचे पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी वस्तीतली प्रार्थना तोच चालवायचा. आत्ताच्या नाताळात त्यानं सगळ्या मंडळीसमोर बिडीचं बंडल चुलीत टाकलं होतं. "आजपास्नं सुटली," म्हणाला होता. कसली सुटतीय! काल बांधावर बसून चोरून एक ओढली. मागं पावलं वाजली, तसं थोटूक घाईघाईनं उसात भिरकावलं. वाळल्या पाचटानं भडकन पेट घेतला. पावलं त्याच्या बायकोची, लीलाबाईची. भाकरी घेऊन आली होती बिचारी. तिला वास आला, ती काय समजायचं ते समजली. रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडली.

आकारामची बायको बनुबाई रडत रडत केरबापुढं आली.

"दादा, तू फडावर हुतास. सांग की रं, माझ्या धन्यानं लावली का आग?"

खरं सांगावं तर राखण जाणार, काठ्या आपल्या पाठीवर येणार, आणि वस्तीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. न सांगावं तर निरपराध माणूस तुरुंगात सडणार. केरबा पुढं झाला.

"आकारामनं न्हाई लावली. त्यो तिकडं फिरकलाबी न्हाई."

"मग उचल बेलभंडारा!" आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ भाऊसो ओरडला. पुजाऱ्यानं ताटात बेलाचं पान आणि भंडारा आणला. तो हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो, असं गाव मानायचं.

केरबानं हात मागं घेतला. "आमी आण घेत न्हाई. येशूनं सांगितलंय, व्हय ते व्हय, न्हाई ते न्हाई."

बोलला आणि त्याला हायसं वाटलं. खोटंही बोललो नाही आणि 'मग कुणी लावली?' हेही टळलं! माणूस मोठा लबाड बघा, देवाच्या वचनामागंसुद्धा दडायला जागा शोधतो.

"आण घ्यायची म्हटल्यावर बरा धरम आठवला!" भाऊसोनं काठी फिरवली ती आकारामच्या नडगीवर बसली. तो गुरासारखा ओरडला. बनुबाईनं ऊर बडवून घेतला.

"थांबा रं!" आप्पासाहेब पारावरून उठले. केरबापुढं येऊन उभे राहिले. "केरबा, लय वर्सं माझ्या फडावर हाईस. पडलेलं कांडंबी मला इचारल्याबिगर कवा घरी न्हेलं न्हाईस. तुझी आण नगं मला. तुझं व्हय न्हाईतर न्हाई, तेवढं दे. आग कुणी लावली, तुला ठावं हाय का?"

'न्हाई' अगदी केरबाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यानं बायकांच्या घोळक्याकडं पाहिलं. लीलाबाईनं डोळे मिटले होते आणि तिचे ओठ हलत होते. ती रागानं बघत असती तर बरं झालं असतं. ती त्याच्यासाठी प्रार्थना करतेय, हे त्याला सोसवेना. ओढ्यापलीकडं जीपचा आवाज आला.

"व्हय," केरबा म्हणाला.

"कुणी?"

त्यानं बंडीच्या खिशातून अर्धं संपलेलं बिडीचं बंडल काढलं आणि आप्पासाहेबांच्या पायापाशी ठेवलं.

"म्या, मालक. मुद्दाम न्हाई, पर माझ्याच थोटकानं पेटला. आकारामला सोडा."

आप्पासाहेब नुसते त्या बंडलाकडं बघत राहिले. भाऊसोची काठी हातातच राहिली. बनुबाईनंच धावत जाऊन दोराची गाठ सोडली.

आकाराम लंगडत आला. आभारबिभार काही नाही. त्यानं केरबाच्या बंडीला धरून त्याला गदागदा हलवलं. त्याच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"सकाळधरनं बांधलंय मला! पोरंबाळं बघत हुती माझी. एवढंसं बोलाय एवढा येळ लागला व्हय रं तुला?"

सांगण्यासारखं केरबाकडं पुष्कळ होतं. भ्यालो होतो, बायको आहे, वस्ती आहे.

"व्हय," तो म्हणाला, "लागला." आणि बनुबाईच्या हातातल्या दोरापुढं त्यानं आपले दोन्ही हात केले.